विचार करून राहिलो

होळीची राख गार होते न होते तोच नागपुरातल्या आमच्या गल्लीत कूलर बाहेर निघतात. गच्चीवरून, जिन्याखालून, मागच्या अंगणातून ते पत्र्याचे अवजड पेटारे ओढून आणताना घरोघरी एकच भांडण होतं. मागच्या वर्षी ठेवताना पाणी कोणी काढलं नाही, म्हणून तळ गंजला. मग खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, ताट्या सायकलला बांधून एक माणूस येतो, जुनी काळी पडलेली खस उपटतो, नवी ठोकतो. पंपाचं पहिलं पाणी तिच्यावरून उतरलं की जो ओला, मातकट, जरा कडसर वास घरभर फिरतो, तोच आमचा उन्हाळा. लोकांना त्या वासाने मामाचं गाव आठवतं, आमरस आठवतो. मला निवडणूक आठवते.

यंदा खस ठोकली जात असतानाच फोन वाजला. ज्या दैनिकात मी उमेदीची सगळी वर्षं राजकीय बातम्या लिहिल्या, त्याच्या मुंबईच्या कचेरीतून होता. आवाज ओळखीचा नव्हता, पण नम्र होता आणि घाईत होता.

"ताई, तात्याजींचं काही खरं नाही म्हणतात. मृत्युलेख तयार ठेवाल? त्यांना तुमच्याइतकं ओळखणारं आता कोणी उरलं नाही."

वाचकांना ऐकून वाईट वाटेल, पण आमच्या धंद्यात माणूस जायच्या आधी त्याच्यावरचा लेख जातो. बडा नेता इस्पितळात गेला की डॉक्टर त्याची नाडी बघतात आणि आम्ही त्याची कारकीर्द. मी असे कितीतरी लेख लिहून ठेवले. एक गृहस्थ तर इतके चिवट निघाले की त्यांच्यावरचा लेख तयार झाल्यावर त्यांनी दोनदा पक्ष बदलला, आणि प्रत्येक वेळी मला तो नव्याने लिहावा लागला. त्यांच्यापायी मरणाचं काम पडलं, असं मी कचेरीत म्हणायचे. काम ते काम.

तात्याजींचा लेखही झाला. रामटेककडच्या धानकऱ्याचा मुलगा, गुडघाभर चिखलात भाताची रोवणी केलेला, पुढे दिल्लीत मंत्री झालेला, दिल्लीकरांना रांगडा वाटणारा आणि त्याचा पुरेपूर फायदा घेणारा. सगळं भराभर उतरलं. एक वाक्य तेवढं अडलं. 'त्या उन्हाळ्यात सगळे वारे त्यांना पक्षाबाहेर ढकलत असताना तात्याजी पक्षातच राहिले, कारण' एवढं लिहून मी थांबले. पुढची जागा कोरी. ती भरू शकणारा माणूस जगात एकच होता, आणि लेख त्याच्याच मरणाचा होता.

बाहेर प्रचाराचा भोंगा लावलेली रिक्षा गल्लीतून गेली. कोणाचा तरी विकास कोणाला तरी हवा होता. मी कूलर बंद केला, पुन्हा सुरू केला. चैन पडेना.

*

नागपूरचा उन्हाळा दिल्लीहून येणाऱ्या नेत्यांना फार लवकर ओळखतो. विमानातून उतरताना ते हसत असतात. गाडीपर्यंत पोचेस्तोवर हसू सुकलेलं असतं. मी त्यांना विमानतळाच्या दारात पाहिलं आहे, हेलिपॅडच्या धुळीत पाहिलं आहे, सभेच्या मंचामागे ओला टॉवेल डोक्यावर घेऊन बसलेलं पाहिलं आहे. ज्यांच्या एका शब्दावर सरकारं हलत, ते 'यहाँ लोग रहते कैसे हैं' असं विचारत असत. आम्ही राहत होतो. डोक्याला दुपट्टा आणि खिशात कांदा, एवढ्यावर राहत होतो. माझ्या पर्समध्ये पेन, मोबाइल आणि कांदा असायचा. एकदा सुरक्षारक्षकाने पर्स उघडून तो कांदा असा काही निरखला की मागे उभे असलेले तात्याजी गरजले, "जाऊ द्या न बाप्पा! बाईले ऊन लागन तं बातमी तुम्ही लिहान का?"

त्या दिवसापासून ते मला 'बाई' म्हणू लागले आणि मी त्यांच्याकडे आगाऊ न कळवता जाऊ लागले. मैत्री नव्हती ती. नेत्याशी मैत्री करणारा पत्रकार अर्धा नोकर होतो, हे मला ठाऊक होतं, आणि त्यांनाही. पण ते माझ्याशी खोटं बोलत नसत. सांगायचं नसेल तर गप्प बसत. माझ्या लेखी याची किंमत फार होती.

आता थोडं भाषेबद्दल, कारण सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

मी नागपूरच्या महाल भागातली. आमचे पूर्वज भोसल्यांच्या दप्तरात कारकून, वडील कलेक्टर कचेरीत. घरात शुद्ध मराठी म्हणजे सोवळं. शाळेतून येऊन चुकून 'मी जेवून राहिली' असं म्हटलं, की वडील ताटावरून मान वर न करता विचारत, "जेवून कुठे राहिलीस? मुक्कामाला?" नागपुरात 'जेवून राहिली' म्हणजे जेवते आहे. करून राहिलो, जाऊन राहिलो, पाहून राहिलो, सगळं चालू असलेलं काम. पुण्या-मुंबईच्या कानाला मात्र ते काम संपलेलं ऐकू येतं, आणि माणूस कुठेतरी राहिलेला. वडिलांचे कान नागपुरात जन्मून पुण्याचे होते. त्यामुळे मला दोन जिभा फुटल्या. घरी एक, रस्त्यावर दुसरी. मुंबईच्या कचेरीशी बोलताना मी नेहमी घरची जीभ वापरली. तिथे एकदा गावंढळ ठरलं की बातमीही गावंढळ ठरते.

अवतरणचिन्हांच्या आत मात्र मी कोणाचं ऐकलं नाही. नेता जसा बोलला तसा छापायचा, हा माझा हट्ट. मुंबईतल्या उपसंपादकांना तो फार जाचायचा. एकदा मी लिहिलं की तात्याजींना वरणावर भरपूर सांबार लागतो. नागपुरात सांबार म्हणजे कोथिंबीर. मुंबईने छापलं, 'तात्याजी दाक्षिणात्य खाद्यपदार्थांचे चाहते'. तात्याजी आठवडाभर ज्याला त्याला विचारत होते, "काहून गा, मी इडली कवा खाल्ली?" आम्ही सगळे पोट धरून हसलो. तेव्हा हसण्यावारी गेलं.

*

तो उन्हाळा.

लोकसभेच्या निवडणुका तोंडावर होत्या. दिल्लीने तात्याजींना महिनोन्महिने टांगून ठेवलं होतं. फोन उचलत नव्हते, बैठकांना बोलवत नव्हते, त्यांच्या माणसांची तिकिटं एकेक करून कापत होते. दुसरा पक्ष पायघड्या घालून उभा होता. तात्याजी गेले असते तर विदर्भातल्या निम्म्या जागांचं गणित बिघडलं असतं, आणि दिल्लीतल्या पुढच्या सरकारचंही. धरमपेठेतल्या त्यांच्या घरासमोर वाहिन्यांच्या गाड्या छत्र्या उघडून उभ्या होत्या. दिल्लीची मुलंमुली डांबर वितळलेल्या रस्त्यावर चपला चिकटवत कॅमेऱ्यासमोर तेच तेच बोलत होती. शेजारणी त्यांना माठातलं पाणी देत आणि विचारत, "काही समजलं का जी?"

काहीच समजत नव्हतं. अख्खं शहर श्वास धरून बसलं होतं.

या सगळ्यात एक माणूस श्वास सोडून मोकळा झाला होता. वामनभाऊ. खापरखेड्याच्या वीज कामगारांचे पुढारी, तात्याजींचे शाळेपासूनचे जोडीदार. दोघांनी एकाच सायकलवर डबलसीट फिरून पहिली निवडणूक लढवली होती. पक्षाने तिकीट कापलं तसा वामनभाऊंनी बंडखोरीचा अर्ज भरला. तात्याजी पाठोपाठ येणार, या भरवशावर. "तो येऊन राहिला न," असं ते सगळ्यांना सांगत होते. येतो आहे. वाटेत आहे. अर्ज मागे घ्यायची मुदत त्यांनी मुद्दाम जाऊ दिली होती. आता त्यांना परतीची वाट नव्हती.

मी सकाळीच मागच्या दाराने गेले. तात्याजी ओसरीवर कूलरकडे पाठ करून बसले होते. समोर बसलं की घसा धरतो, असं त्यांचं शास्त्र. मालतीकाकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, कैरीचं पन्हं आणून ठेवलं आणि काही न बोलता आत गेल्या. पन्ह्याच्या पेल्याला तात्याजींनी हात लावला नाही. चेहरा उतरला होता, दाढीचे खुंट पांढरे दिसत होते.

"तात्याजी," मी विचारलं, "पक्षात राहता की जाता?"

त्यांनी बोगनवेलीकडे नजर वळवली. मग म्हणाले, "विचार करून राहिलो, बाई."

मी उठले, घरी आले आणि बातमी पाठवली. त्यांचं वाक्य अवतरणात, जसंच्या तसं. त्याखाली माझी ओळ: त्यांचा निर्णय अद्याप झालेला नाही.

पहिलं पान सगळ्या आवृत्त्यांसाठी मुंबईत तयार व्हायचं. तिथे बसलेल्या उपसंपादकाने माझी बातमी वाचली आणि तो चक्रावला. वरच्या ओळीत माणूस म्हणतो, विचार करून राहिलो. म्हणजे पूर्ण विचार केला आणि पक्षात राहिलो. खालच्या ओळीत बाई म्हणतात, निर्णय झालेला नाही. दोन ओळी एकमेकींशी भांडत होत्या. नेत्याच्या तोंडचं वाक्य गाळता येत नाही, म्हणून त्याने माझं गाळलं. त्याच्या परीने तो शहाणाच वागला, हे मी तेव्हाही नाकारलं नाही. त्याचा गळा दाबावासा वाटला तो भाग वेगळा.

सकाळी अंक आधी वडिलांच्या हातात पडायचा. ते चहा पीत होते. "अगं," ते खुशीत येऊन म्हणाले, "शेवटी एक वाक्य तरी शुद्ध मराठीत बोलला हा गृहस्थ!"

पानभर मथळा होता. 'पक्षातच! विचार करून राहिलो: तात्याजी'.

माझ्या हातातलं भांडं खाली पडलं. कशाचं होतं, आता आठवत नाही.

*

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दुपट्टा गुंडाळत होते. ते आनंदाने ओरडत होते. दिल्लीच्या सगळ्या वाहिन्या आपलं पान दाखवताहेत, कमाल केलीत तुम्ही.

"चूक आहे ते," मी म्हटलं. "ते विचार करताहेत, एवढंच म्हणाले."

"शब्द त्यांचेच आहेत ना?"

"शब्द त्यांचेच."

"मग चूक कुठे आहे?"

माझं रडू फुटायच्या बेतात होतं. इतकी वर्षं एक गोष्ट मी जपली होती, की बाई लिहिते ते जसंच्या तसं असतं. आणि आता जसंच्या तसं छापूनच खोटं छापलं गेलं होतं. मी निक्षून सांगितलं की दुरुस्ती छापावीच लागेल, नाहीतर मी राजीनामा देईन. ते म्हणाले, तात्याजींनी मागितली तर छापू. मी स्कूटर काढली.

धरमपेठेत ढोल आले होते. सकाळीच गुलाल उधळला होता आणि ऊन वर यायच्या आत तो लोकांच्या घामात विरघळून मानेवरून ओघळत होता. पक्षातले जे लोक महिनाभर फिरकले नव्हते ते हार घेऊन दारात उभे. मी त्यांच्यातून वाट काढत आत गेले. ओसरीवर तात्याजी एकटे होते. मांडीवर पेपर.

"बाई," ते म्हणाले, "मी बोललो तेच छापलं. अन् जे छापलं ते मी बोललोच नाही. असं कसं केलं वं?"

मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते, रागावले नाहीत, उलट मधेच त्यांना हसू आलं. "इडलीवालेच न हे?" मीही हसले, पण लगेच मुद्द्यावर आले. मी म्हटलं, तुम्ही फक्त हो म्हणा, उद्या याच जागी दुरुस्ती येईल. ते हो म्हणणार, असं मला वाटलं. तोंड उघडलंही होतं त्यांनी.

आणि आत फोन वाजला. मालतीकाकू धावत बाहेर आल्या. "दिल्ली," एवढंच म्हणाल्या.

महिनोन्महिने ज्याने यांचा फोन घेतला नव्हता, तो माणूस स्वतः फोनवर होता. तात्याजी उभे राहिले. पलीकडच्याला काही दिसणार नव्हतं, तरी त्यांनी सदऱ्याची गुंडी लावली. "जी," ते म्हणाले. "जी. जी हाँ." मग बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. गुलालाचा एक ठिपका त्यांच्या कानाच्या पाळीवर होता, कोणी लावला देव जाणे. फोन ठेवला तेव्हा त्यांचे डोळे भरले होते. आनंदाने की अपमानाने, ते मला कळलं नाही. मी अगदी समोर उभी असून कळलं नाही.

त्याच वेळी वामनभाऊ आत आले. अंगावर प्रचाराचा घामेजला सदरा, हातात गुंडाळलेला पेपर. मला बघून थांबले.

"बाई, मले बी मराठी येते," ते म्हणाले. "विचार करून राहिलो म्हणजे विचार चालू हाय. पण वरतं 'पक्षातच' कोणं लिहिलं?"

"मुंबईने," मी म्हटलं. "भाऊ, ते चुकलं आहे. तुम्ही समजलात तेच बरोबर आहे."

त्यांचा चेहरा क्षणभर असा काही उजळला की आजही तो डोळ्यांसमोरून हलत नाही. ते तात्याजींकडे वळले. "मंग तूच सांग गा एकडाव. जाऊन राहिला, का राहून राहिला?"

बाहेर ढोल वाजत होते. कूलरचा पंप कुरकुरत होता. मालतीकाकू दाराची चौकट धरून उभ्या होत्या. तात्याजींनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग शाळेपासूनच्या जोडीदाराकडे.

"काल विचार करून राहिलो होतो, वामन," ते हळूच म्हणाले. "आता राहिलो गा."

वामनभाऊंनी पेपर खुर्चीवर ठेवला. दुपट्टा झटकला, डोक्याला बांधला, अगदी नीट, घाई न करता. "पाणी तं पिऊन जा," काकू म्हणाल्या. "नाही वं वहिनी," ते म्हणाले, आणि पुढच्या दाराने, गुलालातून, हारांतून निघून गेले. दुपारी तात्याजींनी कॅमेऱ्यांसमोर सांगून टाकलं, जो छपा है, सही है. माझ्या दुरुस्तीला मग कोणी वाली उरला नाही.

*

पुढचं सगळं लेखात आहे. तात्याजी पुन्हा मंत्री झाले. निष्ठावंत म्हणून गाजले. 'विचार करून राहिलो' ही त्यांची घोषणा झाली, भिंतींवर रंगली, पुण्यातल्या एका सभेत तर त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. नागपुरात लोक ती वाचून गालात हसत, पण हसून सोडून देत. वामनभाऊ पडले. पुन्हा उभे राहिले नाहीत आणि पुन्हा त्या ओसरीवर चढले नाहीत. काही वर्षांनी ते वारले तेव्हा मी खापरखेड्याला गेले होते. कामगार वसाहतीतून अंत्ययात्रा निघाली, लांबवर वीज केंद्राच्या चिमण्यांचा धूर सरळ वर जात होता. सगळ्यात मागे, अंगरक्षकांना दूर ठेवून, तात्याजी उभे होते. पुढे जायची त्यांची हिंमत झाली नाही. मला बघून त्यांनी मान फिरवली.

लोक मला विचारतात, एवढे मोठमोठे नेते पाहिलेत, सगळ्यात मोठी बातमी कोणती? मी काहीतरी सांगते. खरं उत्तर हे, की एक बातमी मला अजून मिळालेली नाही. तात्याजी आपल्या मनाने राहिले, की एका मथळ्याने त्यांना राहायला लावलं? मनात आधीच राहायचं होतं आणि मथळा नुसता निमित्त झाला, की जायला निघालेल्या माणसाच्या पायात आमच्या कागदाने खोडा घातला? पत्रकाराने बातमी द्यायची असते, घडवायची नसते, हे मी नव्यांना शिकवत आले. त्या सकाळी माझ्या नावाखाली काय झालं, हे मला माहीत नाही. आणि दोन मित्र तुटले ते माझ्या डोळ्यांदेखत. त्यात दोष माझा नव्हता, हे मला पक्कं ठाऊक आहे. त्याने फारसं बरं वाटत नाही.

कोरी जागा तशीच ठेवून लेख पाठवता आला असता. कोणाला कळलंही नसतं. पण मला राहवेना. परवा भर दुपारी पर्समध्ये कांदा टाकला आणि धरमपेठ गाठलं.

दार काकूंनी उघडलं. केस पांढरे झालेत, आवाज तोच. "ये वं. एवढ्या उन्हाची काहून निघाली?"

ओसरीवर आता कोणी बसत नाही. आतल्या खोलीत, कूलरच्या अगदी समोर, तात्याजी पलंगावर पडले होते. घसा धरायची भीती संपली असावी. एवढा आडवा माणूस, चादरीखाली असा नसल्यासारखा झाला होता. डोळे मिटलेले.

"कोण? बाई?"

"हो. मी."

"लिहून ठेवलं असन माह्यावर."

मला खोटं बोलवेना. त्यांच्याशी कधी बोललेच नव्हते. "एक वाक्य बाकी आहे," मी म्हटलं.

ते हसले. हसताना खोकला आला, काकूंनी पाठ चोळली, पाण्याचा घोट दिला. बाहेरून भोंग्याची रिक्षा गेली. तिचा आवाज पार विरेपर्यंत मी थांबले.

"तात्याजी, त्या दिवशी तो मथळा आला नसता, तर तुम्ही गेला असतात का?"

काकूंचा हात पेल्यावर थांबला. त्या माझ्याकडे नाही, नवऱ्याकडे बघत होत्या. तेव्हा मला समजलं की इतकी वर्षं त्यांनीही हे विचारलेलं नाही.

तात्याजींनी डोळे उघडले. छताकडे बघत राहिले. "वामनाले वाटलं, मी धोका देला," ते म्हणाले. मग ओठ हलले, आवाज आला नाही. पुन्हा हलले.

"सांगा न," मी म्हटलं. माझ्याही नकळत मी रस्त्यावरच्या जिभेने बोलत होते. "मले तरी सांगा."

त्यांनी मान माझ्याकडे वळवली.

"विचार करून राहिलो, बाई."

आणि डोळे मिटले.

मी बसून राहिले. या कानांवर मी आयुष्यभर पोट भरलं. कोण कुठल्या शब्दावर अडखळला, कोणाचं 'पाहू' म्हणजे हो आणि कोणाचं नाही, हे ओळखण्याची मला शेखी होती. आणि आज हे साधं वाक्य मला लागेना. विचार करून, समजून उमजून राहिलो, असं ते म्हणाले का? आयुष्यात एकदाच, शुद्ध मराठीत? की माझ्या प्रश्नाचाच विचार आत्ता चालू होता, आणि उत्तर अजून यायचं होतं? की त्या सकाळपासून तो विचार थांबलाच नव्हता? मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. छाती हळूहळू वरखाली होत होती.

"झोपले," काकू कुजबुजल्या. "उद्या ये वं. सांगतीन उद्या." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते त्यांनी पुसलं नाही.

मी घरी आले. पर्समधला कांदा काढून ओट्यावर ठेवला. कूलर लावला, लेख उघडला. 'तात्याजी पक्षातच राहिले, कारण' आणि पुढे तीच जागा. मला एकाएकी फार भीती वाटली. जागा भरली की लेख पुरा होणार, आणि लेख पुरा झाला की तो छापायला निमित्त लागणार. मी हात मागे घेतला. फोन वाजला. तोच आवाज, नम्र आणि घाईतला.

"ताई, तात्याजींचा लेख कुठवर आला?"

"लिहून राहिली," मी म्हटलं.

"म्हणजे, लिहून झालाय ना?"

"नाही," मी म्हटलं. "लिहून राहिली."